पाहुण्यांसाठी घासलेल्या मोऱ्या

सकाळी सहाला सोनबा जाळीवर हजर असायचा. बोरमळा वस्तीच्या अठ्ठावन्न घरांचं न्हाणीचं आणि खरकट्याचं पाणी एका मोठ्या पाइपातून जिथं येऊन पडतं, तिथं बसवलेली लोखंडी चौकट म्हणजे ही जाळी. संडासाच्या टाक्या ज्याच्या त्याच्या दारात. इथं यायचं ते फक्त मोरीचं पाणी. जाळीतून ते टाकीत जायचं, टाकीत निवळायचं, मग दोन गुंठ्यांच्या खडीच्या वाफ्यातून कर्दळीच्या मुळाशी झिरपत झिरपत पलीकडच्या हौदात उतरायचं. उतरेपर्यंत त्याचा वास गेलेला असायचा आणि तळ दिसायला लागायचा. हौदाच्या खाली सोनबाचा वीस गुंठे झेंडू होता.

सोनबा दाताळ्यानं जाळी ओढायचा, घमेल्यात घाण गोळा करायचा आणि करता करता वस्ती वाचायचा. शिकेकाईचा भुगा आला की समजावं, दुर्गावहिनींचं आज डोक्यावरून न्हाणं. भात जास्त आला की कुणाची तरी सून रुसलीय. आखाडात एकदा मटणाची चरबी सलग तीन दिवस आली होती, तेव्हा खालच्या आळीला जावई येऊन बसल्याचं वस्तीच्या आधी सोनबाला कळलं होतं. पण बोलायचा नाही. कुणाच्या नावावर काय पडलं ते त्याच्या डोक्यात पक्कं असायचं आणि तिथंच राहायचं. त्याची बायको मुक्ताबाई म्हणायची, "सगळ्यांची उष्टी ठावं असलेला माणूस सगळ्यांस्नी गोड बोलतो." त्यात खोटं काही नव्हतं.

वस्ती पुणे महापालिकेत जाऊन काही वर्षं झाली होती. पाटी बदलली, घरपट्टी बदलली, गटाराची लाइन मात्र वाघोलीच्या अलीकडंच कुठंतरी थांबली होती. त्यामुळं सगळं पाणी उताराला लागून सोनबाच्याच रानात साचायचं. पाच वर्षं त्यानं भांडण केलं. वरच्या घरांशी, मधल्या घरांशी, दोनदा पाण्याशीसुद्धा. शेवटी एका संस्थेची शेफाली नावाची इंजिनिअर पोरगी स्कूटरवरून आली, रान बघितलं, पाणी बाटलीत धरून उन्हात फिरवलं आणि म्हणाली, "काका, हे पाणी तुमच्याकडंच येणार असेल तर स्वच्छ होऊन येऊ दे की."

दोन गुंठे द्यायला सोनबाला महिना लागला. वाफा झाल्यावर चौकातला टेम्पोवाला साईनाथ त्याला 'गटार कमिशनर' म्हणायला लागला. "काय कमिशनर, आज किती घाण मंजूर केली?" सोनबा हसायचा आणि टेम्पोत चढताना मुद्दाम त्याच्या शेजारी बसायचा. अंगाला जाळीचा वास असायचा.

अट एकच होती. महापालिकेचे साहेब येऊन हौदातलं पाणी तपासायला नेणार. पास झालं तर ते झेंडूला सोडायची परवानगी कायमची. भाजीपाल्याला नाही, फुलांना. नापास झालं तर वाफा बुजवायचा आणि पाणी पाइपानं थेट ओढ्याला. बोअर तर आता दिवसाला अर्धा तास पाणी देत होता, तेही धापा टाकत. म्हणजे त्या एका बाटलीवर झेंडूचा दसरा ठरणार होता, आणि झेंडूवर सोनबाच्या घराचं वर्ष.

साहेब बुधवारी येणार, हे शेफालीनं सोनबाच्या सुनेला, नम्रताला, फोनवर कळवलं. गणपतीला आठ दिवस होते.

मुक्ताबाईनं ऐकलं आणि पदर खोचला.

"साहेब येणार म्हंजी आपल्या वस्तीच्या मोऱ्या तपासणार."

"मोऱ्या न्हाई गं, हौदातलं पाणी."

"पानी कुठनं येतं? मोरीतनंच न्हवं? साहेबाला काय दिसलं तर म्हणंल, बायका कशा हायती हितल्या?"

सोनबाला ते पटलं. मुक्ताबाई अठ्ठावन्न घरं हिंडली. सासरी आल्यापासून एकदाही ज्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, त्या घरांतसुद्धा गेली. "बुधवारी मोठं पाहुणं येणार हायत. मंगळवारी सगळ्यांनी मोऱ्या घासायच्या. फिनेल टाका, ते निळं टाका, ब्लिचिंग टाका, पण वास न्हाई आला पायजे." किराणा दुकानातलं फिनेल दुपारीच संपलं. दुकानदारानं येरवड्याहून दोन खोकी मागवली आणि तीही संध्याकाळी उतरली तशी उठली. मंगळवारी पाइपातून पांढरं पाणी आलं, दुधासारखं, आणि त्यामागं फेस.

सोनबा जाळीवर उभा राहून तो फेस बघत राहिला. वास इतका चांगला होता की त्याला दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. वस्तीनं एवढं केलं आणि आपण काय केलं, हा विचार त्याला बोचला. दुकानात ब्लिचिंग पावडरीच्या दोन पिशव्या उरल्या होत्या. त्या त्यानं आणल्या, आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं आणि एक टाकीत रिकामी केली, दुसरी कर्दळीच्या बुडांना मुठीनं पेरली, युरिया पेरावा तशी. मग हात धुतले. हातांची साल निघाल्यासारखी झाली होती, पण मन निवांत झालं.

बुधवारी साहेब आले. बारीक, चष्मेवाले, आणि बोलण्यात एक शब्द जास्तीचा नाही. हौदाशी वाकले, वास घेतला.

"स्विमिंग पूल काढलाय का?"

 मुक्ताबाई पदराआड खुश झाली. साहेबांनी दोन बाटल्या भरल्या, चहा घेतला नाही, गेले.

"बगितलं? तोंडातनं नाव न्हाई काढलं कुणी वासाचं," मुक्ताबाई म्हणाली.

पाच दिवसांनी शेफाली आली तेव्हा स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच तिनं वास ओढला. तिला काही सांगावं लागलं नाही. कर्दळीची पानं कडेनं करपली होती, बुंधे मऊ पडले होते, आणि टाकीतून कुजलेल्या अंड्यासारखी वाफ येत होती.

"काका, फेल झालंय. काय टाकलं यात?"

मुक्ताबाई, नम्रता आणि चार बायका धुणी पिळता पिळता जमल्या होत्या. 

"म्या सांगितलं सगळ्यांस्नी," मुक्ताबाई पुढं आली. "मोऱ्या घासा म्हनलं. पाहुणं येणार हुतं."

"फिनेल?"

"फिनेल, ब्लिचिंग. ज्याच्या घरी जे हुतं ते."

शेफालीनं हेल्मेट काढलं आणि बांधावर बसली. रागावली नाही, ही त्यातली वाईट गोष्ट होती. "काकू, या खडीवर बारीक जीव असतात. डोळ्यांना न दिसणारे. घाण तेच खातात. कर्दळ नुसती मदत करते. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना विष घातलंत."

"अगं बाई."

"घाण येते म्हणून ते जगतात. स्वच्छ मोरी त्यांना चालत नाही."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. साहेब येणार म्हणून मोरी घाण ठेवायची, हे त्यांच्यातल्या एकीलाही जन्मात जमलं नसतं.

सोनबा कर्दळीकडं पाठ करून उभा होता. दोन पिशव्यांचं बोलायला त्यानं एकदा तोंड उघडलं. मुक्ताबाईचे कान लाल झालेले दिसले आणि तोंड मिटलं. बायकोनं सगळ्यांचं अंगावर घेतलं होतं. त्यात त्यानं आपलंही खपू दिलं. हे त्याच्या खात्यात वाईट पडलं आणि ते त्याला माहीत होतं.

"आता काय?" नम्रतानं विचारलं.

"तीन आठवड्यांनी पुन्हा सॅम्पल घेतील. मी हातापाया पडून तेवढं मागून घेतलंय. तोवर हौदाचा व्हॉल्व्ह सील. झेंडूला एक थेंब नाही." शेफालीनं खडीतला एक खडा उचलून बोटांत फिरवला. तो कोरडा, पांढरा होता; एरवी त्यावर बुळबुळीत साय असायची. "हे परत जिवंत करायला पाहिजे. ताज्या शेणाचा काला रोज टाकायचा. पंधरा दिवस, खाडा नाही. विरजण लावतो ना दह्याला, तसं."

मुक्ताबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उजळलं. "असं म्हन की. विरजण मेलं हाय."

"अगदी तेच, काकू."

विरजण लावायचं कळलं. पण शेण? वस्तीतली जनावरं एकेक करून गेली होती. गोठ्यांच्या जागी खोल्या झाल्या होत्या आणि त्यांत भाडेकरू राहत होते. गोठा उरला होता एकच. चार म्हशी, दोन गाई. दुर्गाबाईचा.

दुर्गाबाई सोनबाच्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन दहा वर्षं झाली. सत्तरीला टेकलेली, काठी टेकत हिंडणारी, आणि वस्तीच्या देवीचं नवरात्र तिच्याच घरचं असल्यामुळं तिच्या तोंडाला वस्तीत कोर्टाचं वजन. सोनबानं दोन गुंठे दिले तेव्हा तिनं चारचौघांत म्हटलं होतं, "भावजींनी रान मोरीला दिलं. आता मोरीनंच त्यांना जेवू घालावं." तेव्हापासून सोनबानं तिच्या दारावरचा रस्ता सोडला होता. बांधाबांधानं जायचा.

दुसऱ्या दिवशी मात्र दारातूनच जावं लागलं. जायला त्याला दिवसभर लागला, त्यामुळं पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. दुर्गाबाई म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती.

"वहिनी."

"कोण? कमिशनर का?"

ही पदवी तिच्यापर्यंतही पोचली होती तर.

"शेण पायजे हुतं. रोज चार घमेली. पंधरा दिवस."

"सारवायला?"

"वाफ्याला. विरजण लावायचंय."

"दिवेलागणीला विरजण देत न्हाईत भावजी. आईनं शिकवलं न्हाई का?"

"शेण हाय ओ ते."

"तुम्हीच विरजण म्हनलासा. विरजण म्हनलं म्हंजी विरजण." तिनं म्हशीच्या कपाळावर बोट घासलं. "तुमच्या मंडळींनी सगळ्यांच्या मोऱ्या घासून घेतल्या म्हणं. माझ्याकडं बी आली हुती. मी घासली न्हाई. सांगितलं तिला, माझी मोरी माझ्या सासूपासनं अशीच हाय, साहेब काय तिच्यात न्हानार हाय का?"

सोनबाला हसू आलं आणि लगेच विरलं. सगळी वस्ती मुक्ताबाईला बोल लावत होती. साईनाथनं तर तिला चौकात ऐकवलं होतं, "काकू, आमची बी गाडी घासा की एकदा." तिनं मान खाली घातली होती. बाजाराची पिशवी घेऊन ती पायी घरी आली होती.

"वहिनी, तिची एकटीची चूक न्हाई."

"व्हय?"

"म्या दोन पिशव्या ब्लिचिंग टाकलं. टाकीत एक, कर्दळीला एक. कुणाला सांगितलं न्हाई. हिला बी न्हाई."

दुर्गाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. "कर्दळीला? पेरलं?"

"मुठीनं."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता तिला काठी सावरेना, गव्हाणीच्या काठावर बसली, तरी थांबेना; म्हशीनं मान वळवून बघितलं. "अरं माझ्या कर्मा! रानाला युरिया टाकावा तसं इष घातलं!" डोळे पुसून ती म्हणाली, "सकाळी पाचला या. धार काढायच्या आधी. आणि मुक्ताबाईला मी सांगणार न्हाई. तुम्ही सांगा."

"सांगतो."

"आजच. न्हाईतर सकाळी शेण मिळायचं न्हाई."

सोनबानं जेवताना सांगितलं. मुक्ताबाईनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. नम्रतानं ताटात बघितलं.

"दोन पिशव्या?"

"दोन."

"आणि माझं तोंड चौकात काळं झालं तवा तुम्ही कुठं हुता?"

"तिथंच."

तिनं तुकडा ताटात ठेवला आणि उठली. सकाळी पावणेपाचला मात्र घमेलं तिनंच उचललं आणि चुंबळ त्याच्या डोक्यावर आपटल्यासारखी ठेवली. "चला. विष घालणाऱ्यानंच वहायचं."

मग पंधरा दिवस एकसारखे गेले. पाचला दुर्गाबाईच्या गोठ्यातून चार घमेली, अजून वाफ निघणारी. सोनबा डोक्यावर न्यायचा, मागून मुक्ताबाई कळशी घेऊन. ड्रममध्ये शेण, पाणी, दांडक्यानं ढवळायचं. दंड भरून यायचे. काला गोणपाटातून गाळायचा, गोणपाट पिळायचं. पिळताना शेण कोपरापर्यंत यायचं आणि नखांत बसायचं. मग बादलीनं खडीवर ओतायचं, सगळीकडं सारखं. मुक्ताबाई दही लावणाऱ्या माणसासारखी लक्ष ठेवून असायची. "त्या कोपऱ्याला कमी पडलं. तिथं दह्याची कवडी न्हाई धरायची."

ढवळून झालं की झेंडू. बोअरचं अर्धा तास पाणी पिंपात धरायचं आणि तांब्यानं बुडाबुडाला घालायचं. वीस गुंठे, चार हजारांवर रोपं. दोघं दोन सऱ्यांत वाकत जायची. कंबर अशी धरायची की सरीच्या टोकाला पोचल्यावर मुक्ताबाई आधी गुडघ्यावर हात ठेवायची, मग मांडीवर, मग उभी राहायची. उत्तरा नक्षत्र कोरडं चाललं होतं. ढग सकाळी यायचे, दुपारी हिशेब न देता निघून जायचे. नम्रता सकाळी खराडीला कॉलसेंटरला जायची. मुलगा आनंद चाकणला कंपनीत, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. तो आला की रविवारी दोघंही तांब्या घ्यायची. "आई, यूट्यूबवर याला ड्रिप म्हणतात," आनंद म्हणाला. "मग यूट्यूबलाच वाकायला सांग," आई म्हणाली.

खरा घात गणपतीत व्हायची भीती होती. गौरी जेवायला अठ्ठावन्न घरांत पाहुणे, आणि मोरीत फिनेल नाही. मुक्ताबाई पुन्हा दारोदार हिंडली, या खेपेला उलटं सांगत. "घासू नका. राख टाका, नुसतं पाणी मारा, पण बाटलीतलं काय बी न्हाई."

"काकू, मागल्या खेपेला तुम्हीच सांगितलंत," एका घरची सून म्हणाली. पुण्यातली होती, बोलणं धारदार. "आता आपण नक्की काय धरून चालायचं?"

"मागल्या खेपेला मी शहाणी हुते. आता न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. 

सोनबा जाळीवर बसून फिनेलचा वास शोधायचा. गौरीच्या दुसऱ्या दिवशी आला. पुसटसा, पण आला. कुठल्या घरातून हे त्याला कळलं, कारण त्यामागून पुरणाचा पिवळा गाळ आला आणि तेवढं पुरण एकाच घरात असतं. आयुष्यात पहिल्यांदा तो जाळीवरची गोष्ट घेऊन कुणाच्या दारात गेला.

"विजयमाला, पुरण चांगलं झालं हुतं."

विजयमाला दचकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"फिनेल बी चांगलं हुतं."

तिनं न बोलता फिनेलची बाटली आणून त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी वस्तीत बोलणं झालं की सोनबाला घराघरात काय शिजतं ते कळतं; त्यानंतर एकही बाटली उघडली नाही. त्याच्या अबोलपणाचा मान मात्र थोडा उतरला. ती किंमत त्यानं देऊन टाकली.

दुर्गाबाई एक दिवसाआड काठी टेकत वाफ्यावर येऊ लागली. खडा उचलायची, अंगठ्यानं चोळायची. पहिल्या आठवड्यात, "कोरडं हाय." दुसऱ्या आठवड्यात, "जरा बुळबुळलं." बाराव्या दिवशी तिनं खडा सोनबाच्या हातात दिला. त्यावर साय आली होती, करडी, बोटाला चिकटणारी. कर्दळीच्या एका बुंध्यातून कोंबाची सुरळी वर आली होती.

"माझ्या म्हशीचं हाय," दुर्गाबाई म्हणाली. "लागणारच."

झेंडूला कळ्या धरत होत्या, पण कळ्या लहान, आणि खालची पानं पिवळी पडायला लागली होती. बोअर एक दिवस वीसच मिनिटं चालला.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी बोरमळ्यातल्या बायकांनी जे सोसलं, ते कुठं लिहिलं गेलं नाही. साहेब येणार हे ठाऊक असताना मोऱ्या तशाच. मुक्ताबाईनं सकाळी दोनदा ब्रश हातात घेतला आणि दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा नम्रतानं तो माडीवर नेऊन टाकला. साहेब हौदाशी वाकले. वास घेतला. माती आणि ओली मुळं यांचा वास होता, थोडा गोठ्याचाही.

"या खेपेला स्विमिंग पूल बंद?"

"बंद," सोनबा म्हणाला.

"बरं." बाटल्या भरल्या. मुक्ताबाईनं चहा पुढं केला. या खेपेला घेतला. बशीत ओतून. निघताना ते हात धुवायला न्हाणीत गेले आणि मुक्ताबाईनं डोळे मिटून घेतले. बाहेर येऊन काहीच बोलले नाहीत. ती संध्याकाळपर्यंत त्या न बोलण्याचा अर्थ लावत होती.

पाच दिवस. सहाव्या दिवशी दुपारी नम्रताचा फोन आला तेव्हा दोघं सरीत वाकलेली होती. "आबा, शेफालीचा मेसेज आलाय. पास." सोनबानं तांब्या तसाच कलंडू दिला. मुक्ताबाई मटकन सरीत बसली. "उठ की," तो म्हणाला. "बसू द्या जरा," ती म्हणाली, "इतके दिस वाकलीय."

सील काढायला शेफाली संध्याकाळी आली. व्हॉल्व्ह फिरला, पाणी पहिल्या सरीत शिरलं आणि भेगांत उतरताना चुर्र चुर्र आवाज करत गेलं. सोनबा फावड्यानं एकेक सरी फोडत शेवटपर्यंत गेला. परत आला तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता आणि तो पोरासारखा हसत होता. साईनाथ रस्त्यावर टेम्पो थांबवून बघत होता. "कमिशनर, दसऱ्याला गाडीला हार आपल्याकडनंच हां." तोही एक जमेचा दिवस होता.

पण अजून एक दार राहिलं होतं. नवरात्रात देवीच्या घटावर रोज एक माळ, प्रत्येक माळ वेगवेगळ्या घराची. सहावी माळ सोनबाच्या घरची. घट दुर्गाबाईच्या घरात. मोरीच्या पाण्यावरचा झेंडू देवीला चालतो का, यावर वस्तीत चार दिवस कुजबुज होती. दुर्गाबाईनं हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. पण देवीनं परत पाठवलेली फुलं मार्केट यार्डात कुणी उचलत नाही. तसली बातमी टेम्पोच्या आधी पोचते. सगळी झेंडूची तोडणी त्या एका माळेमागं थांबली होती.

मुक्ताबाईनं पहाटे फुलं तोडली. पाणी मिळाल्यावर आठ दिवसांत ती मुठीएवढी झाली होती, केशरी, आतून घट्ट. मग माळ ओवली. शेणाच्या पाण्यानं बोटांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. ताटात माळ ठेवून, वर रुमाल टाकून दोघं निघाली. रस्त्यात बायका दारात उभ्या होत्या, झाडू हातात धरून, झाडत नव्हत्या.

दुर्गाबाईच्या घरात घट बसला होता, समई तेवत होती. आठदहा माणसं. सोनबानं ताट पुढं केलं. काय बोलायचं ते तो ठरवून आला होता. पाणी पास झालंय, कागद आहे, साहेबांची सही आहे. कागद त्यानं खिशातून अर्धा बाहेर काढला.

"ते काय?"

"रिपोर्ट हाय वहिनी."

"देवीला वाचाय येत न्हाई." तिनं रुमाल उचलला. माळ दोन्ही हातांनी धरली, उजेडाकडं नेली, एकेक फूल अंगठ्यानं दाबून बघितलं.  मुक्ताबाईनं त्याचा सदरा मागून धरला होता, अंगात आलेल्या माणसाला आवरावं तसा.

"हे काय?" दुर्गाबाई म्हणाली.

सोनबानं कागद पुरा बाहेर काढला.

"एवढी वर्सं माळ ओवतीस मुक्ता, अन् गाठ ही अशी? ढिली? दुपारपातूर फुलं घसरून खाली येतील." ती जमिनीवर बसली, माळ मांडीवर घेतली, गाठ नखानं सोडली, दोरा ओढून फुलं घट्ट केली आणि पुन्हा बांधली. "सुई कुणी शिकवली हिला? आमच्या सासूबाई असत्या तर हातावर मारलं असतं."

मुक्ताबाईच्या तोंडातून आवाज आला. हसू होतं की रडू, सोनबाला कळलं नाही.

दुर्गाबाई उठायला लागली, तिला उठवेना. सोनबानं हात दिला. त्याच्या हाताला धरूनच तिनं माळ घटावर बांधली, जरा मागं सरून बघितली, आणि बायकांकडं वळून म्हणाली, "आता दसऱ्याच्या तोरणाला फुलं लागतील. कुणी रस्त्यावरनं आणू नका. भावजींच्यातनं आणा. आणि माझ्यासाठी आधी दोन टोपल्या बाजूला काढा म्हणावं, म्हशींना बी हार घालायचाय."